जाडोबाची सुनावणी

४ मार्च

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. घरावर संकट आलंय, आणि संकट कागदावर उतरवलं की निम्मं हलकं होतं असं आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या. त्यासाठी नवी वही आणली. दुकानदाराला रेघांची मागितली, घरी येऊन पाहते तर कोरी. परत गेले. तो म्हणतो, "काकू, रेघांचीच आहे हो." हल्ली रेघासुद्धा कंजुषीनं मारतात. शेवटी ह्यांनी वही घेतली, ब्रश काढला आणि पानापानावर जाड काळ्या रेघा ओढून दिल्या. एका पानावर जेमतेम नऊ.

"इतक्या लांब लांब कशाला?"

"मोकळं वाटतं," म्हणाले.

तर संकट असं. ह्यांनी आयुष्यभर छापखान्यात आणि नंतर पाट्यांवर दुसऱ्यांची अक्षरं काढली. स्वतःचं असं वळण एकच केलं, तेही निवृत्त झाल्यावर. कागदोपत्री त्याचं नाव 'ठळक क्रमांक एक'. मी त्याला जाडोबा म्हणते. त्याची शिरोरेघ दाराच्या चौकटीएवढी. काना म्हणजे खांब. भ आणि म यांच्या गाठी मिटलेल्या मुठीसारख्या. आतली पोकळी इतकी अरुंद की काडेपेटीतली काडी कशीबशी जाईल. नगर कार्यालयाला तो आवडला, आणि दोन वर्षांत गावात जाडोबाच्या चौदा पाट्या लागल्या. थांबा. पायरी जपा. दवाखाना इकडे. योगायोग म्हणजे चौदाही पाट्या मी जिथून जाते त्याच रस्त्यांवर आहेत. एकटीनं फिरताना फार बरं वाटतं, घरचं माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर उभं असल्यासारखं.

आज कार्यालयाचं पत्र आलं. वाचनालयासमोर राहणाऱ्या हेडमास्तरांनी तक्रार केलीय. वाचनालयाच्या भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्या खिडकीत दिवसभर ओरडते म्हणे. तक्रार ध्वनी विभागाकडे गेलीय. ती खरी ठरली तर एक नाही, चौदाही पाट्या उतरणार आणि जाडोबावर कायमची बंदी.

ह्यांनी पत्र वाचून दाखवलं, घडी घातली आणि ब्रश धुवायला गेले. ब्रश आधीच धुतलेला होता.

६ मार्च

जाडोबावरून आमचं पूर्वीही वाजलंय. मी सिस्टरांच्या हाताखाली वाढलेली. त्या म्हणायच्या, मुलींनो, अक्षर कुजबुजलं पाहिजे. केसासारखी बारीक रेघ, वळणावर किंचित दाब, की झालं. शाईचा डाग पडला तर अख्खं पान पुन्हा. त्या पांढऱ्या झग्यांची सळसळ आणि ओल्या शाईचा वास अजून आठवतो. अशी मी, आणि पदरात हे अक्षर! वाण्याच्या दुकानातल्या पोत्यासारखं पसरून बसलेलं.

घरात तर कहर आहे. मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर', वीतभर उंचीची अक्षरं. बरणी लहान पडते म्हणून 'साखर'मधला र मागच्या बाजूला गेलाय. औषधाच्या बाटल्या दिसतच नाहीत, नुसतं 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' दिसतं. मी म्हटलं, "अहो, घर आहे की स्टेशन?"

"सराव होतो," म्हणाले.

९ मार्च

आज मोजणी झाली.

ध्वनी विभागाचे एक साहेब आले. तिकाटण्यावर मीटर लावलं. गावानं त्यांना तासाभरात 'मीटरवाले' नाव ठेवलं. पाटीखाली पन्नासेक माणसं जमली होती. वर खिडकीत हेडमास्तर, मफलर कानावर घेऊन.

मीटरवाल्यांनी मीटर पाटीसमोर धरलं. "बावन्न," म्हणाले.

हेडमास्तर वरून ओरडले, "बघा! मी सांगत होतो ना? बावन्न!"

"पण सर, ही तुमचीच बडबड मोजतंय ते," बेकरीवाला म्हणाला.

"मी चाळीस वर्षं वर्गात 'शांतता राखा' म्हणून ओरडलोय. ओरडणं म्हणजे काय ते तू मला शिकवतोस? कागदावरचा दोन सुतांचा 'शांतता राखा' ही विनंती असते. हा हातभर 'शांतता राखा' म्हणजे कानाखाली आवाज!"

मीटरवाले मोठे प्रामाणिक. म्हणाले, आता पाटी झाकून मोजू. आमच्या घरची चादर आणली. चादर चढवायला लागले तशी सगळी माणसं श्वास रोखून बघत राहिली. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मीटरवाल्यांनी काटा पाहिला, पुन्हा पाहिला, डोकं खाजवलं.

"चव्वेचाळीस."

म्हणजे पाटी आठ अंकांचा आवाज करते असं शास्त्रानं सिद्ध झालं. हेडमास्तरांनी खिडकी लावून घेतली, अगदी हळू, जिंकलेल्या माणसासारखी.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना, माणसं गप्प झाली म्हणून!" ह्यांनी तोंड उघडलं, पण ह्यांचा आवाज तो असा. माझ्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

११ मार्च

मीटरवाले अहवालासाठी घरी आले. फार संकोची माणूस. मी चहा घेऊन बाहेर आले तर दाराजवळच्या कोपऱ्यात लांब कोट घालून उभे. म्हटलं, "बसा ना, उभे का?" तर हूं की चूं नाही. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा जरा कडकच म्हटलं, "आमच्याकडे पाहुणे उभे राहत नाहीत." तेव्हा आवाज आला तो एकदम खुर्चीतून, "बसलोय, काकू." कधी बसले कळलंसुद्धा नाही. चपळ आहेत.

चहा ओतताना ह्यांनी मध्येच माझ्या हाताखालून बशी सरकवली. पाहुण्यांसमोर अशी लुडबुड मला मुळीच खपत नाही.

मीटरवाले नंतर बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात होते. बरण्या बघत असावेत. परत आले ते घसा खाकरत. ह्यांना म्हणाले, "हे सगळं सुनावणीत सांगा साहेब. एवढं जरी सांगितलंत तरी..."

"नाही," हे म्हणाले.

"पण पाट्या जातील."

"जाऊ देत."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला रागच आला. आपल्या मिठाच्या बरणीचा सुनावणीशी काय संबंध, हे खरं. पण 'जाऊ देत' काय? दिवसेंदिवस एका 'ह'साठी आलेखाच्या कागदावर वाकून बसलेला माणूस आहे हा. ते 'ह'चं पोट! आधी पोट सुटलेल्या गृहस्थासारखं दिसायचं, मग महिनाभर पोकळी कोरून कोरून ते रुबाबदार केलं. आणि म्हणे जाऊ देत.

१४ मार्च

विशेष काही नाही. सकाळी वर्तमानपत्र चाळलं. मी छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली, डोळ्यांत तेल घालून. पहिल्या पानावर चार तरी चुका सापडल्याशिवाय चहा उतरायचा नाही. हल्ली एकही चूक सापडत नाही. छपाई सुधारली म्हणायची. शाई मात्र भिकार.

१७ मार्च

कार्यालयानं सुनावणीची नोटीस गावभर लावली, असं म्हणतात. मी बेकरीपर्यंत जाऊन आले, मला भिंतींवर नुसते कोरे कागद दिसले. गंमत म्हणजे इतरांनाही तसंच. नोटीस इतक्या बारीक आणि फिक्या अक्षरात की कुणी थांबून वाचलीच नाही. आज सुनावणी होती, एकही माणूस फिरकला नाही. हेडमास्तरसुद्धा नाहीत. आम्हीही नाही.

दुपारी कार्यालयाचा शिपाई आला, कसनुसा हसत.

"सुनावणीच्या बाईंनी निरोप दिलाय. नोटीस पुन्हा काढायचीय. ती... म्हणजे, लोकांना दिसेल अशी."

"म्हणजे कुठल्या अक्षरात?" मी विचारलं.

"ते बाईंनी सांगितलं नाही. म्हणाल्या, ह्यांना कळेल."

जाडोबावर बंदी घालण्याच्या सुनावणीची नोटीस जाडोबात! मी म्हटलं, साफ नकार द्या. हे म्हणाले, मजकूर फार आहे. हे अक्षर तीन शब्दांचं आहे, चौथा आला की भांडतात. ओळीच्या ओळी लावल्या तर भिंत होते भिंत, वाचणारा डोकं आपटून मरेल. शिपायाकडून त्यांनी मजकूर घेतला, पेन्सिलीनं खोडत गेले. खाली उरलं ते एवढंच: जाडोबा. सुनावणी. शनिवारी.

"ठळक क्रमांक एक म्हणायला हवं ना?" शिपाई म्हणाला.

"गाव जाडोबाच म्हणतं," हे म्हणाले. आणि माझ्याकडे बघून हसले. आठवडाभरातलं पहिलं.

२२ मार्च, शनिवार

सगळं गाव लोटलं. नोटीस मला रस्त्याच्या पलीकडून वाचता आली. असं छापावं!

सुनावणीच्या बाई टेबलामागे, पुढ्यात घंटी. हेडमास्तरांनी तासभर भाषण केलं. शेवटी त्यांचा घसा बसला आणि उरलेली तक्रार त्यांनी पाण्याच्या घोटांमधून, अगदी मृदू आवाजात सांगितली. खिडकी उघडली की दिवसातून पन्नासदा तीच आज्ञा, एकटा राहतो, घरात तसाही कुणाचा आवाज नाही, मग ही मलाच का शांतता राखायला सांगते? त्यावर कुणी हसलं नाही. मलाही वाईट वाटलं.

मग मीटरवाल्यांचे आकडे. बावन्न आणि चव्वेचाळीस.

मग बाईंनी ह्यांना उभं केलं. "इतकं जाड अक्षर तुम्ही मुळात कुणासाठी केलंत?"

हे उभे राहिले. टोपी हातात, तिची कड फिरवत. मी बाकावरून खुणावत होते: सांगा! जाहिराती, नाटकाच्या पाट्या, दुकानं, धोक्याच्या सूचना! लांबून दिसावं, धावत्या गाडीतून वाचावं म्हणून! घरी मी सगळं पाठ करून घेतलं होतं.

हे म्हणाले, "घरच्या वापरासाठी."

जो काय हशा पिकला! बाईंना तीनदा घंटी वाजवावी लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं मोठं अक्षर, आणि घरच्या वापरासाठी! जणू काही ते पोळपाट आहे.

मीटरवाले तेवढे हसले नाहीत. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि उभे राहून वाचलं: नववं कलम. गावातल्या एका तरी रहिवाशाला नजरेच्या अडचणीमुळे मोठ्या अक्षराची गरज असेल, आणि तसा डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला असेल, तर त्या अक्षराला आवाजाचे नियम लागू नाहीत.

बाईंनी चष्मा काढला. "असं आहे का कुणी गावात?"

सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्यासारख्या वाटल्या. मीही वळून मागे पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे भिंत होती.

मुदत बुधवारपर्यंत. नाहीतर गुरुवारी पाट्या उतरवणार.

२३ मार्च

रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाबरोबर जाहीर केलं, "मीच होते."

"काय?"

"आंधळी. नजरेची अडचणवाली. बुधवारपर्यंत दुसरं कोण मिळणार आहे? जाते डॉक्टरकडे आणि काही दिसत नाही म्हणून सांगते. दाखला घेते."

ह्यांच्या हातातला कप कलंडला. पुसायलाही उठले नाहीत.

"नको," म्हणाले. "तुला खोटं बोलावं लागेल."

"बोलेन. जन्मात एकदा. सिस्टरांना वर गेल्यावर काय ते समजावीन मी. तुम्हाला जमत नाही ना स्वतःसाठी तोंड उघडायला? मग मला बोलू द्या."

हे उठून खिडकीशी गेले. पाठमोरे होते. सर्दी झालीय बहुतेक, सारखं नाक ओढत होते.

२५ मार्च

कालपासून तालीम चाललीय. सोंग म्हणजे नुसतं चाचपडणं नव्हे, बारकावे हवेत. डॉक्टर काही खुळे नसतात. मी ठरवलंय असं: तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी खऱ्या वाचायच्या, म्हणजे संशय येणार नाही. चौथीला अडखळायचं. पाचवीला 'दिसत नाही हो' म्हणून हताश सुस्कारा. सुस्काऱ्याची तालीम झकास झाली.

ह्यांना म्हटलं, "तुम्ही डॉक्टर व्हा, तक्ता धरा." त्यांनी काहीतरी धरलं असावं. "वाच," म्हणाले. मी म्हटलं, "आधी उजेडात तरी या." मग म्हणाले, "राहू दे, तू छान करशील."

तालमीत मी एकदा दाराच्या चौकटीवर आपटले. कपाळावर टेंगूळ आलंय. अंगात भूमिका शिरली म्हणतात ती अशी.

२६ मार्च, बुधवार

सगळं नीट लिहून ठेवते.

डॉक्टर तरुण आहेत, हात गार. मला खुर्चीत बसवलं, हे मागे स्टुलावर. मी मनात ओळी मोजत बसले. तीन खऱ्या, चौथीला अडखळायचं.

"वाचा, काकू," डॉक्टर म्हणाले.

"आधी तक्ता तर लावा."

बाहेर कुणीतरी खोकलं, ते ऐकू आलं.

"लावलाय," डॉक्टर म्हणाले. "समोरच आहे. सावकाश बघा."

मी खुर्चीत पुढे सरकले. मग वाटलं, हा पोरगा हुशार आहे, सोंग पकडायला जाळं टाकतोय. रिकाम्या भिंतीसमोर बसवून मी काय वाचते ते बघतोय. तीन ओळी रचून सांगितल्या असत्या तर तिथंच पकडली गेले असते! तेव्हा मी म्हटलं, "नाही दिसत." अडखळायची गरज पडली नाही. सुस्कारा आपोआप आला, तालमीतल्यापेक्षा लांब.

त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारला, पुष्कळ वेळ पाहिलं. "किती दिवसांपासून असं?" मी म्हटलं, "वर्ष झालं असेल. दोनही." अंदाजानं ठोकून दिलं. मग ते ह्यांना दाराशी घेऊन गेले आणि हळू आवाजात पडद्याबद्दल, थेंबांबद्दल, दर तीन महिन्यांनी आणा असं काहीतरी सांगत राहिले. दाखला हातात पडला. इतका सहज! मला लाजच वाटली. एवढ्या चांगल्या पोराला फसवलं.

पायऱ्या उतरताना मी ह्यांना म्हटलं, "फसवलं हो मी त्यांना."

"हो," म्हणाले. "उत्तम फसवलंस."

तसेच नगर कार्यालयात गेलो. सुनावणीच्या बाईंनी दाखला वाचला, माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता शिक्का मारला. चौदाही पाट्या राहणार. हेडमास्तर तिथंच होते. मला वाटलं भांडतील. पण ते उठून जवळ आले आणि म्हणाले, "बाई, माझी तक्रार मागे घेतोय. मला आधी कुणी सांगितलं असतं तर..." मी म्हटलं, "सर, खिडकीचा त्रास होतो ना? ह्यांना सांगते, तुमच्या बाजूला एक वेगळी पाटी करून देतील. काय लिहायचं?" ते गोंधळले. बराच विचार करून म्हणाले, "काही नको. नुसतं 'बोला' लिहा."

एकच शब्द. जाडोबाला झकास बसेल. हे तिथल्या तिथं खिशातल्या कागदावर 'ब'चं पोट काढायला लागले.

निघताना मीटरवाले दारात होते. मी मुद्दाम जवळ जाऊन, नीट खात्री करून घेऊन, मगच नमस्कार केला. ते गंभीर होऊन म्हणाले, "काकू, एक सांगायचं राहिलं. दाखला दर वर्षी पुन्हा घ्यावा लागतो. आणि मधल्या काळात पाहणी होऊ शकते. कधीही, कुठंही. रस्ता ओलांडताना तर हमखास. तेव्हा ह्यांचा हात धरूनच चालायचं. नियम आहे."

"कितव्या कलमात?" मी विचारलं. मुद्रितं तपासणाऱ्याला असल्या गोष्टी विचारायची सवय असते.

"दहाव्या," ते म्हणाले, जरा थांबून.

म्हणजे आता वर्षभर हे सोंग. मी ह्यांना म्हटलं, "ऐकलंत ना? धरा हात." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, भर रस्त्यात ह्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. बोटांना रंगाचा वास होता. पायऱ्या आल्या तसे हळू आवाजात मोजायला लागले, "एक. दोन. आता उंच आहे. तीन."

"इतकं कशाला?" मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"समोरच उभे आहेत," हे म्हणाले. "पाहणीवाले."

मी त्या दिशेला तोंड करून जराशी हसले, मान लववली आणि ह्यांचा हात आणखी घट्ट धरला. घरापर्यंत सोडला नाही. समोर खरंच कुणी होतं का, ते मी विचारलं नाही.